नदी पोपटी झाली तो दिवस

या, अशा पुढे सरका. दारात उभं राहून ऐकायची ही गोष्ट नाही. तुम्ही त्या उशीला टेका, तुम्ही खिडकीची जागा घ्या, आणि ज्याला मधेच पाणी प्यायला उठायचंय त्याने आत्ताच पिऊन यावं. गोष्ट पाण्याचीच आहे, ऐकताना तहान लागेल. आमच्या गावाची नदी सकाळी रोजच्यासारखी मातकट होती आणि दुपारच्या आत पोपटाच्या पंखासारखी हिरवीगार झाली. ती माझ्या नणंदेने रंगवली. एकटीने नव्हे, चार शिकलेल्या डोक्यांनी मिळून, प्रत्येकाने अगदी चांगल्या मनाने. देव असा दिवस सगळ्यांना एकदा तरी दाखवो.

तर माझ्या थोरल्या नणंदेला मी वन्सं म्हणते. त्या कॉलेजात पाण्याचं इंजिनिअरिंग शिकवतात. पाऊस पडला तर ओढ्यातून किती पाणी येईल, त्यातलं किती जमिनीत मुरेल, धरणाच्या दारातून किती जोराने सुटेल, हे सगळं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला वाटायचं, पाण्यात शिकवण्यासारखं काय आहे? नळ सोडला की येतं, बंद केला की जातं. मग एकदा विसरलेला डबा द्यायला त्यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काचेचा कालवा आहे, कमरेइतक्या उंचीवर. वन्सं त्याच्या बाजूने चालत होत्या आणि मुलांना सांगत होत्या, "बघा, कसं पातळ होऊन धावतंय! फार घाई झालीय त्याला. पण पुढे जागा नाहीये, राजा. आता काय करशील? आता... आता..." आणि पाणी एकदम फेसाळत उभं राहिलं, जागच्या जागी भिंत घातल्यासारखं. मुलांनी टाळ्या पिटल्या. मी डबा धरून तशीच उभी.

मला गात गात सांगितलेलं प्रवचन पहिल्यापासून फार आवडतं. कुठे कुणी देवाची गोष्ट सुरावर सांगत असलं की मी हातातलं काम टाकून बसते. वन्संही तेच करतात, हे मला त्या दिवशी उमगलं. त्यांच्या गोष्टीत पाणी धावतं, अडतं, रुसतं, उडी मारतं, आणि ऐकणारा हसता हसता शहाणा होतो.

त्यांनी आणि त्यांच्यासारख्या दूरदूरच्या शिक्षकांनी मिळून शिकवण्याच्या सामानाचा एक सामायिक साठा केला होता. छोट्या चित्रफिती, सोडवलेली उदाहरणं, नद्यांचे खरे आकडे, पत्र्याचा पर्जन्यमापक घरी कसा बनवायचा याच्या आकृत्या. ज्या कॉलेजात काचेचा कालवा नाही, त्यांनी बिनदिक्कत उचलावं आणि वापरावं. त्या साठ्यात एकच गोष्ट नव्हती: खऱ्या नदीचं पाणी खऱ्या मुलांनी मोजतानाची चित्रफीत. ती वन्संना करायची होती, आणि ती करायची तर नदीचा दिवस हवा.

नदीचा दिवस म्हणजे वर्षातून एकदा अख्खा वर्ग नदीवर न्यायचा. आणि तोच बंद व्हायची वेळ आली होती.

प्राचार्य मूळचे पुलांचे इंजिनिअर. त्यांना जे हलत नाही ते आवडतं. ते वन्संना म्हणाले, "मॅडम, नदीत बघण्यासारखं आहे तरी काय? पाणी येतं आणि जातं. तेच पडद्यावर दाखवा. बस नको, गमबूट नको, चिखल नको."

"साहेब, पडद्यावर पोहायला शिकता येतं का?"

"मुलांना पोहायचं नाहीये. पास व्हायचंय."

वन्संचं तोंड मी ओळखते. त्या गप्प बसल्या की समजावं, आता काहीतरी होणार. शेवटी ठरलं असं, की यंदा प्राचार्य स्वतः नदीवर येतील. त्यांच्यासमोर मुलांनी नदी मोजून दाखवली आणि चित्रफीत साठ्यात ठेवण्यासारखी झाली, तर नदीचा दिवस राहील. नाहीतर पुढच्या वर्षापासून त्या तासाला मुलं संगणकासमोर बसतील.

आदल्या दिवशी मी स्वयंपाकघरात विचारलं, "वन्सं, नदी मोजतात म्हणजे काय? टेप लावून?"

त्यांनी ओट्यावरचा पेला ओढला. "हे बघ. पेल्यात चमचाभर सरबत टाकलं तर कसं दिसेल?"

"गडद."

"आणि तेवढंच बादलीत टाकलं तर?"

"फिकं. आणि मी तुम्हाला रागावेन."

"रागाव. पण किती फिकं झालं ते मोजलं, की बादलीत पाणी किती होतं ते कळलं. संपलं! वरच्या पुलावरून मोजून रंग टाकायचा, तो फिका होत होत खालच्या पुलाशी येतो. तिथे मीटर बुडवून बसायचं. आकडा चढतो, चढतो, मग उतरतो. त्या चढउतारावरून नदीतून किती पाणी चाललंय ते निघतं."

"आणि माशांनी काय करायचं? हिरवं होऊन बसायचं?"

"अगं वहिनी, डोळे तपासायला डॉक्टर वापरतात तोच रंग हा. कुणाला काही होत नाही, आणि उन्हात विरून जातो. पिण्याचं पाणी उचलतात ते खूप वर, आपण खाली. पाणीपुरवठा कार्यालयाला कळवून परवानगी घेतलीय. चिमूटभर तर टाकायचाय."

चिमूटभर! हा शब्द मनात धरून ठेवा.

दुसऱ्या दिवशी डब्यांच्या पिशव्या घेऊन मीही बसमध्ये चढले. वन्सं म्हणाल्या, तू घरी थांब. मी म्हटलं, तुम्ही उपाशी नदी मोजणार आणि मी घरी भांडी मोजत बसणार होय? शेवटी मला खालच्या पुलावर, मीटरच्या पेटीवर छत्री धरायचं काम मिळालं. ऊन पडलं की मीटरचे आकडे दिसत नाहीत म्हणून.

खालच्या पुलावर आम्ही होतो: वन्सं, मी, अर्धा वर्ग, चित्रफीत काढणारी मुलगी, जिला सगळे कॅमेरावाली म्हणायचे, आणि प्राचार्य, कडक इस्त्रीत, चकचकीत बूट घालून, चिखलापासून हातभर दूर. वरच्या पुलावर वन्संच्या हाताखालचा तरुण शिक्षक होता. त्याला मुलं चष्मेवाले सर म्हणतात, कारण तो चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधतो. त्याच्याबरोबर उरलेला वर्ग आणि कॉलेजच्या भांडाराचे काका, ज्यांच्या परवानगीशिवाय तिथली सुईसुद्धा हलत नाही.

फोन वाजला. चष्मेवाल्या सरांचा आवाज: "मॅडम, टाकला!"

"घड्याळ!" वन्सं ओरडल्या, आणि मुलांनी घड्याळं चालू केली. मग शांतता. नदी आपली मातकट, संथ. पुलाखाली एक पांढरं कुत्रं पाण्यात डुंबत होतं. प्राचार्यांनी जांभई दिली आणि ती हाताआड लपवली.

"वेळ लागतो का फार?"

"नदी आहे साहेब," वन्सं म्हणाल्या. "तिला काही मीटिंगला जायचं नाही."

तेवढ्यात वरच्या वळणाआडून आरडाओरडा ऐकू आला. आधी पोरांचा, मग मोठ्यांचाही. मी छत्री बाजूला करून बघितलं आणि माझ्या तोंडून देवाचं नावच निघालं. वळणावरून नदी हिरवी येत होती! नुसती हिरवट नव्हे हो. काठापासून काठापर्यंत पोपटी, झगझगीत. हजारो पोपट अंगाला अंग घासत पोहत यावेत तशी. उन्हात ती आतून दिवा लावल्यासारखी दिसत होती.

"मॅडम," कॅमेरावाली पुटपुटली, "हे... एवढंच दिसायचं होतं ना?"

 वन्संचे डोळे मीटरवर. आकडा चढला, चढला, सरसर चढला आणि वरच्या टोकाला जाऊन थांबला. थांबला तो थांबलाच. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. नदी पुलाखालून पोपटी वाहतेय, वाहतेय, आणि आकडा जागचा हलेना.

"हा उतरत का नाही?" प्राचार्यांनी विचारलं.

"साहेब, मीटरला यापुढे मोजता येत नाही," वन्सं हळूच म्हणाल्या. "रंग फार झालाय."

"म्हणजे मोजणी?"

"इथली गेली."

त्यांचा चेहरा पांढरा पडला तो मला अजून दिसतो. पांढरं कुत्रं मात्र काठावर येऊन अंग झाडत होतं आणि ते मानेपासून शेपटीपर्यंत हिरवं झालं होतं. त्याची मालकीण "हे माझं नाही!" म्हणत त्याच्याकडे बघत होती, आणि ते बिचारं शेपूट हलवून "मीच आहे" सांगत होतं.

पूल भरायला लागला. दुकानदार गल्ले सोडून आले, न्हाव्याकडचं एक गिऱ्हाईक अर्ध्या गालाला साबण लावून आलं. कुणी म्हणालं, कारखान्यातून सुटलं. कुणी म्हणालं, देवाची करणी. मी म्हटलं, देवाचा हात आहेच, पण चमचा आमच्या घरचा आहे.

मग पळत पळत चष्मेवाले सर आले. कोपरापर्यंत हिरवे. चष्मा कपाळावर, तोही हिरवा. मागून भांडारवाले काका, धापा टाकत.

"किती टाकलात?" वन्संनी विचारलं.

"तुम्ही सांगितलेला! म्हणजे... दुप्पट."

"दुप्पट का?"

"सेफ्टी फॅक्टर, मॅडम! तुम्हीच शिकवता, हिशेबात चूक राहिली तर पूल पडू नये म्हणून नेहमी थोडं जास्त धरावं. मला वाटलं ढग आले तर रंग दिसायचा नाही..."

"अरे, पण मी तुला दिलेला आकडाच दुप्पट केलेला होता! चित्रफितीत नीट दिसावा म्हणून!"

दोघंही एकमेकांकडे बघत राहिले. मग दोघांनीही काकांकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघता?" काका म्हणाले. "बरणी जुनी. मला वाटलं, पावडरीचा जोर गेला असेल. म्हणून मी आपली... थोडी..."

"किती थोडी?"

"दुप्पट."

मुलांमधून कुणीतरी फिस्सकन हसलं. प्राचार्य आता तापले. त्यांनी बोट उगारलं. "ही काय पद्धत झाली? शिकलेली माणसं तुम्ही! एकाने दुप्पट, दुसऱ्याने दुप्पट, तिसऱ्याने दुप्पट! कुणी कुणाला विचारायचं नाही? हा बेजबाबदारपणा..."

काका आकाशाकडे बघत होते. "साहेब," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "सकाळी तुम्ही भांडारात आला होतात."

"मग?"

"बरणी बघून म्हणालात, एवढ्याशा पावडरीने काय होणार, माझ्यासमोर शोभा व्हायला नको. वाढवा."

"मी वाढवा म्हणालो. किती ते नाही म्हणालो!"

"मी विचारलं, किती. तुम्ही हाताने असं केलंत." काकांनी दोन बोटं वर केली.

आता मला सांगा, अशा वेळी माणसाने काय करावं? प्राचार्यांचं बोट हवेतच राहिलं. ते त्याच्याकडे असं बघत होते, जणू ते दुसऱ्याच कुणाचं आहे. आणि वन्सं, ज्यांचा नदीचा दिवस बुडत होता, त्या कठड्यावर बसल्या आणि हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग डोळ्यांतून पाणी. "दुप्पट... दुप्पटची दुप्पट... तिची दुप्पट... अहो, चिमूटभर टाकायचा होता, आपण ओंजळी ओतल्या!" चष्मेवाले सर हसायला लागले, काका हसले, कॅमेरावालीचा कॅमेरा हलायला लागला. मी छत्रीवर वाकून हसत होते. प्राचार्य तेवढे हसले नाहीत. त्यांनी घड्याळ बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, झालं ते झालं. पण मोजणी झाली नाही, हे तर खरं ना?"

हसू थांबलं. नदी वाहत होती.

"बाटल्या भरून नेऊन प्रयोगशाळेत पातळ करून मोजता येईल," चष्मेवाले सर म्हणाले. "आकडा निघेल."

"आकडा निघेल रे," वन्सं म्हणाल्या. "पण मुलांना तो चढताना आणि उतरताना दिसला पाहिजे. त्यासाठीच तर आलोय." त्या उठल्या, डोळे पुसले, आणि नदीच्या खालच्या अंगाला बघत उभ्या राहिल्या. मग एकदम वळल्या. "टाकलेली पावडर वजन करून टाकली की अंदाजाने?"

"वजन करून, मॅडम!" काका म्हणाले. " सगळ्यात शेवटी मीच तोलली. ग्रॅमपर्यंत सांगतो."

"मग घाबरायचं काय? जास्त टाकला म्हणून बिघडत नाही, किती टाकला ते माहीत नसतं तर बिघडलं असतं. गावाच्या खाली दुसरी नदी येऊन मिळते. तिच्याही पुढे, जुन्या घाटाशी, पाणी जवळजवळ दुप्पट होतं. वाटेत रंगही पसरतो, लांबतो. तिथे मीटर बोलेल!"

"पण तो तर पुढे निघालाय!" कुणीतरी ओरडलं.

"नदी गावाला वळसा घालून जाते," वन्सं म्हणाल्या. "रस्ता सरळ जातो. बस वरच्या पुलावर आहे. गाडी कुणाकडे आहे?"

सगळ्यांनी प्राचार्यांकडे बघितलं. त्यांची नवी गाडी पुलाच्या तोंडाशी उभी होती, आतमध्ये अजून प्लॅस्टिकच्या खोळी असलेली. त्यांनी मुलांचे चिखलाचे बूट बघितले, चष्मेवाल्या सरांचे हिरवे हात बघितले. मग किल्ली काढली.

"बसा," ते म्हणाले.

किती माणसं बसलो ते विचारू नका, देव मोजणारा. मीटरची ओली पेटी माझ्या मांडीवर, एका मुलाचं कोपर माझ्या कानात, काकांच्या हातात बाटल्यांचा क्रेट. ज्या मुलांना गावकऱ्यांच्या सायकली मागून मिळाल्या ती सायकलींवर, बाकीची पळत. प्राचार्यांनी गाडी सोडली ती अशी, की त्यांचा जे हलत नाही ते आवडण्याचा स्वभाव मागे पुलावरच राहिला असावा.

"डावीकडे घ्या!" वन्सं ओरडल्या. "मासळीबाजाराच्या मागून!"

"तिथे एकेरी आहे!"

"आपण एकाच बाजूला चाललोय की!"

गल्लीच्या टोकाला क्षणभर नदी दिसायची आणि सगळे एकदम ओरडायचे. "हिरवी! पुढे गेली!" "नाही, नाही, मातकट आहे, अजून यायचीय!" "ती सावली आहे!" "सावली कुठली, ते शेवाळ आहे!" काका प्रत्येक वळणावर बाटल्यांना म्हणत होते, "सांभाळा ग बायांनो." मी मनात देवाचा धावा करत होते; पण खरं सांगते, इतकी मजा मला कैक वर्षांत आली नव्हती.

वाटेतल्या एका पुलाशी गाडी अडली. सगळं गाव तिथे लोटलेलं. वन्संनी दार उघडलं. "उतरा! पायी!" आणि धावत सुटल्या. वय बघा, गुडघे बघा, आणि धावत सुटल्या! मी चपला हातात घेऊन मागे. चष्मेवाले सर पेटी घेऊन. आणि प्राचार्य, टाय खांद्यावर, काकांच्या हातातून बाटल्यांचा क्रेट काढून घेऊन, "वाट द्या, वाट द्या, कॉलेजचं काम आहे!" म्हणत. लोकांनी वाट दिली, आणि निम्मे लोक आमच्यामागून पळायला लागले, कशासाठी ते त्यांना ठाऊक नव्हतं.

जुन्या घाटाशी पोचलो तर नदी मातकट. शांत. मीटर पाण्यात सोडला: शून्य.

"आता?" प्राचार्य धापा टाकत म्हणाले. "रंग यायचाय की येऊन गेला?"

कुणालाच सांगता येईना. येऊन गेला असला तर संपलं होतं. घाटाच्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ गळ टाकून बसले होते. वन्सं त्यांच्यापाशी गेल्या. "आजोबा, एवढ्यात इथून पाणी हिरवं गेलं का हो?"

आजोबांनी मान वर केली. घामाने निथळणारी बाई, हिरवा चष्मेवाला, टाय खांद्यावर टाकलेला साहेब, चपला हातात घेतलेली मी. त्यांनी सगळं नीट पाहून घेतलं आणि मायेने म्हणाले, "बाई, ऊन फार आहे. डोक्यावर काहीतरी घेत जा."

"नाही आला!" वन्सं आनंदाने ओरडल्या. "रंग अजून आला नाही!" आणि त्यांनी त्या आजोबांचा गळ धरलेला हात दोन्ही हातांनी असा हलवला, की त्यांचा मासा असलाच तर तोही सुटला असेल.

सायकलवाली मुलं आली. पळणारी मुलं आली. कॅमेरावाली एका फळवाल्याच्या टेम्पोतून उतरली. वन्संनी सगळ्यांना पायऱ्यांवर बसवलं. मी छत्री उघडली. आणि मग, बाळांनो, ते आलं.

इथे ते झगझगीत नव्हतं. पाण्यात नुसती हिरवी झाक, कोवळ्या पानासारखी. मीटरचा आकडा शून्यावरून हलला.

"वाचा, साहेब," वन्सं म्हणाल्या. पेटीच्या सर्वांत जवळ प्राचार्यच होते. पाण्यात, चकचकीत बुटांसकट, घोट्याच्या वर.

"चार," प्राचार्य वाचू लागले. "नऊ. सतरा... एकतीस..." मुलं लिहून घेत होती. त्यांचा आवाज चढत गेला, एखादा घोडा शर्यतीत पुढे निघावा तसा. "अठ्ठावन्न! त्र्याऐंशी! मॅडम, टोकाला जाणार का?" कुणी श्वास घेईना. "एकशे दोन. एकशे सहा. एकशे सहा..." ते थांबले. "एकशे चार!"

"उतरला!" पायऱ्यांवरून असा आवाज उठला, की पलीकडच्या काठावरची कबुतरं उडाली. "उतरला! उतरला!" मी छत्रीसकट नाचले, आणि मीटरवर ऊन पडलं म्हणून ओरडा खाल्ला.

आकडा हळूहळू उतरत राहिला. वन्सं मुलांमध्ये फिरत होत्या आणि सांगत होत्या, तसंच, सुरावर: "बघा, चढला कसा झपझप, आणि उतरतोय कसा रेंगाळत. का? कारण सगळं पाणी एका पावलाने चालत नाही. मधलं धावतं. काठाचं गप्पा मारत येतं. काही थेंब वाटेत कुठल्या कपारीत बसले असतील, ते आत्ता निघालेत. त्यांचीही वाट बघायची. एकालाही मागे टाकायचं नाही." कॅमेरावालीचा कॅमेरा आता हलत नव्हता. एका मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तिलाच कळत नव्हतं का ते.

प्राचार्य मात्र वळून घाटाशेजारच्या जुन्या पुलाच्या खांबाकडे बघत होते. खांबाच्या मागे हिरव्या पाण्याचा एक तुकडा गोल गोल फिरत अडकला होता. बाकीची नदी पुढे निघून गेली, आणि तो आपला तिथेच.

"मॅडम," ते म्हणाले, "हे का जात नाही?"

"खांबाच्या मागे पाणी उलटं फिरतं, साहेब. नेहमीच फिरतं. आज रंग आहे म्हणून दिसलं."

"नेहमीच?" ते बघत राहिले. "मी असे खांब आयुष्यभर बांधले. त्यांच्या मागे हे चाललेलं असतं?"

"आणि तळाशी तेच पाणी वाळू उकरत असतं."

ते अजून पुढे गेले, गुडघाभर पाण्यात. "आणि खांब गोल असता तर? लांबट असता तर? थांबा, सांगू नका." त्यांचा फोन वाजत होता. त्यांनी तो कानाला लावला. पाणीपुरवठा कार्यालयाचा होता. पलीकडचा माणूस काय बोलत होता ते आम्हा सगळ्यांना पायऱ्यांवर ऐकू येत होतं.

"हो," प्राचार्य म्हणाले. "हो, आमच्याच कॉलेजचं. मान्य. कळवलं त्याहून जास्त झालं. नाही, मॅडमची चूक नाही. वाढवा मी म्हणालो. मी येतो संध्याकाळी, समोर बसून ऐकून घेतो. आत्ता नाही येता येणार. आत्ता मी नदीत आहे."

फोन खिशात टाकून ते वळले. सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता.  वन्सं हातातली बाटली पुन्हा पुन्हा पुसत होत्या.

"पुढच्या वर्षी," प्राचार्य घसा साफ करून म्हणाले, "नदीचा दिवस दोन दिवसांचा करता येईल का? एका दिवसात हे... हे काहीच बघून होत नाही."

वन्संच्या हातातली बाटली निसटली. काकांनी ती झेलली आणि म्हणाले, "भांडारातली आहे, मॅडम."

डबे घाटावरच उघडले. सगळ्यांचे हात पिवळे-हिरवे. त्याच हातांनी जेवलो. गळवाल्या आजोबांनाही बोलावलं. त्यांनी हिरवट पाण्याकडे पाहिलं, वन्संकडे पाहिलं, आणि खांद्यावरचा पंचा स्वतःच्याच डोक्यावर घेतला. ऊन कलेपर्यंत नदीचा रंग विरून गेला. ते कुत्रं मात्र पुढे बरेच दिवस फिकट हिरवं होतं आणि गल्लीत फार मान मिळवून होतं.

चित्रफीत साठ्यात गेली. कुठकुठल्या गावांतून शिक्षकांनी ती मुलांना दाखवली. ज्यांच्याकडे काचेचा कालवा नाही, मीटर नाही, कुणाकुणाकडे तर नदीही नाही. त्यात सुरुवातीला एक बाई कठड्यावर बसून हसतेय, तो भाग कॅमेरावालीने काढला नाही. वन्सं म्हणाल्या, काढ. ती म्हणाली, नाही काढणार, मुलांना कळू दे की चुकलं तर काय करायचं असतं.

आता वन्सं निवृत्त झाल्या. धावायचं सोडा, जिना उतरतानाही माझा खांदा धरतात. नदीचे दोन्ही दिवस चष्मेवाले सर घेतात. तर माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. कधी एखाद्या पुलावर उभे राहाल आणि खाली पाणी वाहताना बघाल, तेव्हा घाई करू नका. थोडं थांबा. मधलं पाणी बघा, काठाचं बघा, खांबामागे फिरत राहिलेलं बघा. आणि देवाचं नाव घ्याल त्यात माझ्या नणंदेचीही आठवण ठेवा.